सातचं बटण

बेझानच्या लॅपटॉपचा कीबोर्ड गेला
ही बातमी लिफ्टच्या आधी खाली पोचली.
लिफ्ट बंदच होती, त्यामुळे शर्यत अशी नव्हतीच.

हत्यारांची पिशवी घेऊन नऊ मजले चढत होते
तर तिसऱ्यावर झुझुनाने दार किलकिलं केलं,
"काय गं त्सिआला, वाचेल का?"
आवाजात काळजी होती. कुणाची, ते कळेना.
सहाव्यावर मुरमान म्हणाला,
घाई कशाला करतेस, बस, कॉफी घे.

त्या यंत्रात आमच्या अख्ख्या इमारतीची उधारी आहे:
लिफ्टचे पैसे कुणी दिले,
कुणी पुढच्या महिन्यावर ढकलले.
सगळं आमच्या जॉर्जियन अक्षरांत,
ज्यांत मोठं अक्षर, छोटं अक्षर असा भेद नाही.
बुडवणारे सगळे एकाच उंचीचे.

बेझानने टेबल पुसून ठेवलं होतं,
डॉक्टर यायचा असल्यासारखं.
"काल रात्रीपर्यंत बरा होता."
सगळे असंच म्हणतात.
एकेक कळ दाबून पाहिली. ढिम्म.
टचपॅडवर बोट फिरवलं,
बाण जागचा हलेना,
जणू मी भलत्याच कुणाच्या पाठीवरून हात फिरवत होते.

आधी सोपं ते करायचं.
चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं.
बेझान मोठ्याने मोजत होता,
एकोणतीसला अडखळला,
मग हळूच म्हणाला, तीस.
काही नाही.
माझा माउस जोडला, तर बाण टुणकन उठला.
म्हणजे डोकं शाबूत.
विंडोज सुरू व्हायच्या आधीचं ते निळं पान उघडलं,
तिथेही याच्या स्वतःच्या कळा मुक्या.
आता ड्रायव्हरला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा दिसलं, लॅपटॉप डुगडुगतोय.
टेबल सपाट होतं.
रिओनीतल्या गोट्यासारखं याचंच पोट गोल.
दुखणं पोटाला,
आणि मी बोटं चोळत बसलेले.

दहा स्क्रू, कागदावर जागच्या जागी मांडलेले.
झाकण निघालं:
बॅटरी उशीसारखी फुगलेली,
टचपॅडला खालून रेटत होती,
आणि कीबोर्डची पातळ पट्टी
खाचेतून अर्धी निसटलेली.
"किती वर्षं चार्जरला लावून ठेवलाय?"
"नऊ. काढला आणि हिशेब मध्येच राहिला तर?"

बॅटरीची जोडणी सोडवली.
प्लास्टिकच्या पट्टीने, श्वास धरून,
टोचायचं नाही, वाकवायचं नाही.
बेझानने जुनी कढई आणली, मांजराची वाळू ओतली,
आणि ते फुगलेलं प्रकरण बाल्कनीत नेऊन ठेवलं.
मांजर बराच वेळ कढईकडे बघत होतं.

पट्टी खाचेत बसवली. खटका लावला.
नुसत्या वायरवर चालू केला.
बेझानने स्वतःच बोट फिरवलं,
बाण मुकाट त्याच्या मागे आला.
यादी उघडली.

मी न बघायचा प्रयत्न केला.
चौथा मजला, त्सिआला: सात लारी, फेब्रुवारीपासून.
सगळ्यात खाली, नववा मजला, बेझान:
दर महिन्याला जेवढं कमी पडलं
तेवढं त्याच्या नावावर जमा.
नऊ वर्षं.
या महिन्याचा रकाना तेवढा रिकामा,
आणि लिफ्ट बंद.
पोटात ठेवून बसला होता माणूस.

नवी बॅटरी एकशे वीस लारी, मी म्हटलं.
मग म्हटलं, मजुरी नको.
"मजुरी घे," तो म्हणाला. "लिफ्टचं वेगळं."
"एकेक कळ तपासायला लागेल."
"सातपासून कर."

आधी पैसे टेबलावर ठेवले, मग दाबलं.
उमटलं.

उतरताना झुझुनाचं दार पुन्हा किलकिलं झालं.
"वाचला," मी म्हणाले.
दार लागलं.
आत कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला,
उघडल्याचा की बंद केल्याचा,
ते जिन्यातून कळत नव्हतं.